प्रॅक्टिकल शूटिंगसाठी पिस्तूल घेताय? आधी डिव्हिजन ठरवा: पात्रता, तपासणी आणि कागदपत्रं

प्रॅक्टिकल पिस्तूल शूटिंगच्या, म्हणजे हलत-धावत, वेळेशी स्पर्धा करत नेम साधण्याच्या खेळाच्या सामन्याला प्रवेश शुल्क भरून, लांबचा प्रवास करून आलेला माणूस साहित्य तपासणीच्या टेबलावरच अडकतो, हे वारंवार बघायला मिळतं. कधी मॉडेल यादीत नसतं, कधी ट्रिगर हलका निघतो, कधी गोळीचा वेग कमी पडतो. यातल्या बहुतेक चुका सामन्याच्या दिवशी होत नाहीत, खरेदीच्या दिवशीच झालेल्या असतात. आवडलं ते पिस्तूल घेतलं, मित्राने सुचवलेले सुटे भाग बसवले आणि नियम नंतर वाचले, असा क्रम असतो. तो उलटा करायला हवा.

ही माहिती आयपीएससी या प्रॅक्टिकल शूटिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या हँडगन नियमांपुरती आहे. इंटरनेटवर सर्वाधिक मजकूर अमेरिकेतल्या यूएसपीएसए या संघटनेच्या सामन्यांबद्दल सापडतो. डिव्हिजनची, म्हणजे साहित्याच्या अटींनुसार पाडलेल्या गटांची नावं सारखी वाटतात, पण दोघांच्या अटी वेगळ्या आहेत, आणि फसगत तिथेच होते. नियमपुस्तकाच्या आवृत्त्याही बदलत राहतात, म्हणून सामना ज्या आवृत्तीनुसार होणार आहे तीच उघडा.

डिव्हिजन आधी, पिस्तूल नंतर

नोंदणी अर्जात डिव्हिजन लिहावी लागते: ओपन, स्टँडर्ड, क्लासिक, प्रॉडक्शन, प्रॉडक्शन ऑप्टिक्स किंवा रिव्हॉल्व्हर. नवीन लोक बहुतेक प्रॉडक्शन निवडतात. निवड चांगली आहे, पण सर्वात जास्त अर्जदार अडकतात तेही इथेच.

पहिली अट यादीची. तुमचं मॉडेल आयपीएससीच्या संकेतस्थळावरील मान्य प्रॉडक्शन यादीत असायलाच हवं. 'त्याच कंपनीचं, जवळजवळ तसंच' हे उत्तर चालत नाही. दुसरी अट नळीची: कमाल लांबी १२७ मिलिमीटर. ग्लॉक १७ ची नळी ११४ मिलिमीटर, ते बसतं. ग्लॉक ३४ खास स्पर्धेसाठी म्हणून विकलं जातं, पण त्याची नळी सुमारे १३५ मिलिमीटर आहे, ते बसत नाही. दुकानदार हे सांगेलच असं नाही, कारण अमेरिकन नियमांत तेच पिस्तूल आरामात चालतं.

तिसरी अट ट्रिगरची, आणि इथे मन लावून वाचा. पहिल्या गोळीला ट्रिगरचा जोर किमान २.२७ किलो हवा, किंवा प्रत्येक गोळीला किमान १.३६ किलो हवा. बाहेर हॅमर (गोळी सुटण्यासाठी आपटणारा घोडा) असलेल्या पिस्तुलात सुरुवातीच्या इशाऱ्याला हॅमर पूर्ण खाली हवा आणि पहिली गोळी डबल ॲक्शनमध्येच, म्हणजे ट्रिगरनेच हॅमर मागे ओढला जाऊन सुटली पाहिजे. तपासणी साधी असते: रिकामं पिस्तूल नळी वर करून धरतात, ट्रिगरला ठरावीक वजन अडकवतात आणि पिस्तूल हळूच वर उचलतात. वजन टेबलावरून उठलं आणि हॅमर पडला नाही, तर पास. हलकी स्प्रिंग बसवून घरच्या काट्यावर २.३० किलो बघून खूश होणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की वापराने स्प्रिंग सैल होते आणि सामन्याचा काटा तुमचा नसतो. २.५ किलोच्या आसपास ठेवा. त्या दोनशे ग्रॅमने तुमचा निकाल बदलणार नाही. तपासणीत नापास झालात तर मात्र नक्की बदलेल.

स्टँडर्डमध्ये अडचण दुसरी. मॅगझिन लावलेलं पिस्तूल २२५ × १५० × ४५ मिलिमीटरच्या पेटीत मावायला हवं. पिस्तूल मावतं, पण सर्वात लांब मॅगझिन लावलं की अडतं, म्हणून प्रत्येक मॅगझिन लावून बघा. शिवाय स्टँडर्डमध्ये मेजर गुण (जोरदार गोळीसाठीची वरची गुणश्रेणी; खालची ती मायनर) हवे असतील तर गोळीचा व्यास किमान १० मिलिमीटर लागतो. ९ मिलिमीटर पिस्तुलाने अर्जात 'मेजर' लिहिणारे दर वेळी भेटतात. ओपनमध्ये ९ मिलिमीटरलाही मेजर मिळतो, आणि बरेच जण त्या दोन वाक्यांची सरमिसळ करतात.

घोषित डिव्हिजनच्या अटी पूर्ण झाल्या नाहीत तर तुम्हाला ओपनमध्ये टाकतात. साध्या साइटचं, १५ गोळ्यांच्या मॅगझिनचं पिस्तूल घेऊन रेड डॉट (लाल ठिपक्याची साइट), कॉम्पेन्सेटर (नळीचा झटका कमी करणारा भाग) आणि १७० मिलिमीटरची मॅगझिन्स वापरणाऱ्यांच्या रांगेत उभं राहावं लागतं. सामन्यात ओपन नसेल तर गुणच मिळत नाहीत.

होल्स्टर, पट्टा, मॅगझिन

होल्स्टरने (पट्ट्यावरच्या पिस्तुलाच्या म्यानाने) ट्रिगर गार्ड झाकलेला हवा. खांद्याचे आणि मांडीला बांधायचे होल्स्टर बाद. सरळ, सैल उभं राहिल्यावर नळीचं तोंड पायांपासून एक मीटरपेक्षा दूर रोखलेलं असता कामा नये. प्रॉडक्शनमध्ये पिस्तूल आणि मॅगझिनचे पाऊच कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकामागे, आणि शरीरापासून ५० मिलिमीटरच्या आत. पट्टा घरी आरशासमोर नीट बसतो आणि सामन्यात घाम आला, धावपळ झाली की पुढे सरकतो. जाड, दुहेरी पट्टा घ्या, होल्स्टर स्क्रूने पक्का करा.

प्रॉडक्शनमध्ये मॅगझिनमध्ये १५ पेक्षा जास्त गोळ्या भरल्यात तरी ओपनमध्ये जाल. मॅगझिनची क्षमता १७ किंवा १९ असली तरी मोजून १५ भरायची सवय लावा. मॅगझिन किमान चार-पाच घ्या. बाकी कानाचं आणि डोळ्यांचं संरक्षण सक्तीचं, त्यावर वेगळं काही सांगायला नको.

गोळीचा वेग: क्रोनोग्राफ

क्रोनोग्राफ म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रति सेकंदात. गुणाकार भागिले एक हजार म्हणजे पॉवर फॅक्टर. मायनरसाठी १२५, मेजरसाठी १७०, फक्त ओपनमध्ये मेजर १६०. दशांश सोडून देतात: १२४.९९ म्हणजे १२४, आणि १२५ च्या खाली गेलात तर सामन्याचे गुणच मिळत नाहीत. मेजर घोषित करून कमी पडलात तर मायनरने मोजतात.

तुमच्याकडून ८ गोळ्या घेतात. एक उघडून वजन करतात, तीन झाडतात. आकडा कमी भरला तर आणखी तीन, आणि सहापैकी सर्वात वेगवान तिघींची सरासरी धरतात. शेवटची गोळी वजन करायची की झाडायची, हे तुम्ही ठरवायचं. हा तुमचा हक्क आहे, तो मागा.

१२४ ग्रेनची गोळी १०१० ने गेली तर १२५.२४. कागदावर पास, पण थंडीच्या सकाळी किंवा आखूड नळीतून तीच गोळी नापास. खोक्यावर छापलेला वेग तुमच्या नळीतला नसतो. १०५० च्या आसपास, म्हणजे १३० ठेवा आणि आपल्याच पिस्तुलातून मोजून घ्या.

कागदपत्रं

क्लबचं ओळखपत्र पुरतं, हा सर्वात मोठा गैरसमज. आयपीएससीला तुम्ही राहता त्या देशाच्या संलग्न संघटनेचं चालू सदस्यत्व लागतं. परदेशातल्या सामन्याला आयोजक त्या संघटनेकडून पुष्टी मागवतो. ती यायला वेळ लागतो, म्हणून नोंदणी सुरू होताच विनंती करा. शेवटच्या आठवड्यात पाठवलेले ईमेल कुणी वाचत नाही. सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र सोबत ठेवा.

ज्युनियर, सीनियर यांसारख्या वर्गांसाठी वय सामन्याच्या पहिल्या दिवशी मोजतात. ज्युनियरला त्या दिवशी २१ पूर्ण झालेलं नको. नोंदणीच्या तारखेचं वय लिहून वर्ग गमावलेली मुलं पाहिली की वाईट वाटतं, कारण अर्जावर ही ओळ ठळक छापायला कुणाचं काही जात नाही.

शस्त्र तात्पुरतं नेण्याच्या परवान्यावर अनुक्रमांक असतो. तो खोक्यावरून उतरवू नका, पिस्तुलावरून उतरवा. शून्य आणि 'ओ' नीट ओळखा. एका अक्षरासाठी अख्खा अर्ज परत येतो, आणि फोन करून दुरुस्ती विचारायची साधी तसदी कार्यालयं घेत नाहीत. विमानात काडतुसं वेष्टनासह माणशी ५ किलोपर्यंत, तीही एअरलाइनच्या पूर्वपरवानगीने. ९ मिलिमीटरचं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं, म्हणजे चारशेच्या आतच. दोघांचं वजन एका पेटीत एकत्र करता येत नाही. जास्त लागणार असतील तर सामन्याच्या ठिकाणी मिळतील का ते आयोजकाला आधी विचारा, आणि मिळणारी गोळी तुमच्या पिस्तुलात किती वेग देते तेही मोजायला वेळ ठेवा.

टेबलावर एक गोष्ट कधीच करू नका

अधिकाऱ्याने अनुक्रमांक विचारला म्हणून पिस्तूल स्वतःहून बाहेर काढू नका. रेंज ऑफिसरच्या (नेमबाजीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) सूचनेशिवाय, सेफ्टी एरियाच्या (शस्त्र हाताळायला राखलेल्या जागेच्या) बाहेर शस्त्र हाताळलं की सामन्यातून थेट बाद. सेफ्टी एरियात शस्त्र हाताळता येतं, पण तिथे काडतुसाला हात लावला तरी बाद, सरावाचं डमी काडतूससुद्धा चालत नाही. 'काढू का?' असं विचारा आणि उत्तराची वाट बघा.

सामना सुरू झाल्यावर पिस्तूल मोडलं तर दुसरं वापरण्याआधी रेंज मास्टरची, म्हणजे मैदानावरच्या प्रमुख अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि तेही त्याच डिव्हिजनच्या अटींत बसणारं हवं. गोळ्या पुन्हा तपासल्या जाऊ शकतात. सुटं पिस्तूल नेणार असाल तर त्याचाही अनुक्रमांक पहिल्याच परवाना अर्जात लिहा. नंतर जोडायला गेलात तर नवा अर्ज समजतात.