गुडघेदुखीवरचे दोन बिनटाक्यांचे उपचार: एक मज्जातंतूवर, दुसरा धमनीवर

निपाणी, चिकोडी किंवा खानापूर भागातील गुडघेदुखीचा रुग्ण बेळगावला, मिरजेला किंवा कोल्हापूरला दाखवून येतो, तेव्हा 'सांधा न बदलता, टाके न घालता, एका दिवसात घरी' एवढेच त्याच्या लक्षात राहिलेले असते. या एकाच वर्णनात दोन वेगळे उपचार बसतात. पहिल्यात गुडघ्यातील वेदना मेंदूपर्यंत पोहोचवणारे बारीक मज्जातंतू उष्णतेने निकामी केले जातात, त्याला रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन म्हणतात. दुसऱ्यात गुडघ्याच्या सुजलेल्या अस्तराला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या बंद केल्या जातात, ते एम्बोलायझेशन. दोन्हींच्या नावापुढे 'जेनिक्युलर', म्हणजे 'गुडघ्याचे', हा शब्द लागतो आणि दोन्ही सुईच्या छिद्रातून होतात. मात्र ते करणारे डॉक्टर, त्याआधीची तपासणी आणि ज्याला त्यांचा उपयोग होईल तो रुग्ण, हे सारे वेगळे असते.

मज्जातंतूवरचा उपचार बहुधा वेदनातज्ज्ञ करतात, आणि हे डॉक्टर पुष्कळदा मूळचे भूलतज्ज्ञ असतात. क्ष-किरणांच्या सी-आर्म यंत्रावर किंवा सोनोग्राफीवर पाहत गुडघ्याच्या वर दोन्ही बाजूंना आणि खाली आतल्या बाजूला अशा तीन ठिकाणी सुई पोहोचवतात. खालच्या बाहेरील बाजूची जागा सहसा टाळली जाते, कारण पाऊल उचलण्याचे काम पाहणारा मोठा मज्जातंतू तिथून जवळच जातो. नेहमीच्या पद्धतीत सुईच्या टोकाशी ऐंशी अंशांच्या आसपास उष्णता दीड मिनिटभर ठेवतात. पाण्याने थंड ठेवल्या जाणाऱ्या सुईचे टोक साठ अंशांवर असते, पण तिचा परिणाम अधिक रुंद भागावर होतो. मज्जातंतूवरच्या या उपचाराची पहिली महत्त्वाची नियंत्रित चाचणी २०११ मध्ये कोरियातून प्रसिद्ध झाली.

या उपचाराआधीची एक पायरी रुग्णांनी आग्रहाने मागावी असे मला वाटते. त्याच तीन जागी आधी केवळ सुन्न करणारे औषध टोचतात आणि रुग्णाला चालायला, जिना चढायला, उठबस करायला सांगतात. औषधाचा अंमल असेपर्यंत दुखणे निम्म्याहून कमी झाले, तरच पुढे जाण्यात अर्थ असतो. खुब्यातून किंवा कंबरेतून येणारी कळ पुष्कळदा गुडघ्यात जाणवते, आणि अशा रुग्णाला या चाचणीत काहीच फरक पडत नाही. तेवढ्यावरच त्याचा मोठा खर्च वाचतो. ही चाचणी न करता थेट तारीख देणाऱ्या ठिकाणी कारण विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

धमनीवरच्या उपचारामागचा विचार निराळा आहे. झिजलेल्या सांध्याच्या अस्तराला दीर्घकाळ सूज राहिली की तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांच्यासोबत वेदनेचे तंतूही वाढतात. जपानमधील डॉक्टरांनी गेल्या दशकात ही रक्तवाढ रोखण्याचा मार्ग पुढे आणला. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे क्ष-किरणांवर पाहत सुई-नळीने उपचार करणारे डॉक्टर, जांघेतील धमनीतून केसासारखी बारीक नळी गुडघ्यापर्यंत नेतात, डाय, म्हणजे क्ष-किरणांत उठून दिसणारे द्रव्य, सोडून धमन्यांचे चित्र पाहतात आणि जिथे अस्तर गडद उमटते तिथे अतिसूक्ष्म कण सोडून प्रवाह अडवतात. हे काम कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, होते. डाय वापरायचा असल्याने मूत्रपिंडाची तपासणी आधी करावी लागते. नंतर गुडघ्याच्या त्वचेवर काही दिवस डाग किंवा निळसरपणा दिसू शकतो, आणि क्वचित त्वचेला इजाही होते.

गुण येण्याची चालही दोन्हींत सारखी नाही. मज्जातंतूच्या उपचाराचा परिणाम काही आठवड्यांत दिसतो आणि साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतो. तंतू पुन्हा वाढला की दुखणे परत येते, मग उपचारही पुन्हा करता येतो. धमनीच्या उपचारात सूज ओसरायला वेळ लागतो, त्यामुळे आराम सावकाश जाणवतो. पुराव्याच्या बाबतीत माझा कल पहिल्याकडे आहे, कारण धमनीच्या उपचाराची नुसत्या दिखाऊ प्रक्रियेशी तुलना करणाऱ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळलेले नाहीत. तरीही मध्यम झीज, गुडघा वारंवार सुजणे आणि रात्री ठणकणे अशी लक्षणे असलेला रुग्ण धमनीच्या उपचाराचा विचार करू शकतो. सांधा जवळजवळ पूर्ण झिजला असेल, तर अस्तराची सूज उतरवून फारसे हाती लागत नाही. अशा रुग्णाला हृदयामुळे किंवा वयामुळे शस्त्रक्रिया झेपत नसेल, तर तंतूंचा उपचार अधिक उपयोगी ठरतो.

कूर्चा भरून काढणे किंवा वाकलेला पाय सरळ करणे या दोन्ही उपचारांपैकी कशानेही होत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणे यांना पर्याय नाही. निपाणीत दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या किंवा खानापुरात वाकून भातलावणी करणाऱ्या बाईला बसण्या-वाकण्याची पद्धत न बदलता उपचार दिला, तर तो लवकर वाया जातो.

पेसमेकर असल्यास रेडिओफ्रिक्वेन्सीच्या आधी आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास दोन्हींच्या आधी ते सांगावे. गोळी स्वतःहून बंद करू नये. संमतिपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल, तर सही करण्यापूर्वी कोणता उपचार लिहिला आहे हे मराठीत समजावून घ्यावे. महाराष्ट्र शासनाने महात्मा फुले जनआरोग्य योजना २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांपर्यंत नेली असली, तरी योजनेत रुग्ण बसतो म्हणजे हा विशिष्ट उपचारही बसतो असे नाही. मंजुरीची चौकशी दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयातील योजनेच्या खिडकीवर करावी.