‘ॲफेलियनमुळे थंडी वाढणार’ हा मेसेज खोटाय

दरवर्षी जून संपला की सोलापुरातल्या ग्रुपांवर तोच मेसेज फिरतो, पृथ्वी सूर्यापासून लांब जाणार, अंतर 9 कोटींवरून 15.2 कोटी किलोमीटर होणार, ऑगस्टपर्यंत गारठा, सर्दी-खोकला, काळजी घ्या. शाळेतली पोरंही हेच खरं धरून बसतात म्हणून लिहितोय.

ॲफेलियन, म्हणजे पृथ्वी सूर्यापासून सगळ्यात लांब असणं, खरंच असतं, जुलैच्या सुरुवातीला, आणि तेव्हा अंतर साधारण 15.2 कोटीच असतं. पण 9 कोटी किलोमीटर हे कधीच नसतं! सरासरी अंतर 9.3 कोटी मैल आहे, बहुतेक मैलांचा आकडाच किलोमीटर म्हणून टाकलाय कुणीतरी. सगळ्यात जवळ असतो तेव्हाही ते 14.7 कोटी असतं, म्हणजे फरक जेमतेम 3 टक्के, उन्हात 7 टक्क्यांच्या आसपास.

आणि हे जवळ असणं कधी, तर जानेवारीत, आपल्याकडे गड्ड्याच्या यात्रेला लोक स्वेटर घालून फिरतात तेव्हा. कारण पृथ्वीचा अक्ष 23.5 अंश कललेला आहे, जानेवारीत सोलापुरात भर दुपारी सूर्य 50 अंशांच्या आसपासच चढतो, ऊन तिरकं पडून पसरतं, दिवसही लहान. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र तो बरोबर डोक्यावर, अंगणात काठी उभी केली तर दुपारी सावली बुडाशीच गायब.

ऑगस्टच्या सुरुवातीला परत डोक्यावर येतो, पण तेव्हा मान्सूनचे ढग ऊन अडवतात आणि जमीन ओली असते. जुलै-ऑगस्टमधला गारवा येतो तो यातूनच.