रक्त कमी म्हणजे लोहच कमी, असं नाही

हिमोग्लोबिन उतरलं की घरोघरी बीट, डाळिंब आणि लोहाचं टॉनिक सुरू होतं. लोह खरंच कमी असेल तर ठीकच. पण रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही घटलेल्या असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, अंगावर जांभळे डाग उठत असतील, तर टॉनिकवर महिने घालवू नका. बी-१२ ची कमतरताही असंच चित्र दाखवते आणि आपल्याकडे ती सर्रास आढळते, म्हणून ती आधी तपासतात. तरी उलगडा झाला नाही तर अस्थिमज्जेची, म्हणजे हाडांच्या आतल्या, रक्तपेशी तयार करणाऱ्या मऊ भागाची तपासणी. सुई कमरेच्या मागच्या हाडात, जागा बधिर करून घालतात, मणक्यात नव्हे.

या तपासणीत कळणारा एक आजार म्हणजे अप्लास्टिक अ‍ॅनिमिया: यात मज्जा पुरेशा रक्तपेशी बनवत नाही. बहुतेकदा आपलीच प्रतिकारशक्ती मज्जेतल्या मूळ पेशींवर उलटते. आजार तीव्र, रुग्ण साधारण ४० च्या आतला आणि सख्ख्या भावंडाची मज्जा जुळत असेल तर तिचं प्रत्यारोपण. एरवी बहुधा औषधं: प्रतिकारशक्ती दाबणारी एटीजी आणि सायक्लोस्पोरिन, शिवाय मज्जेला चालना देणारं एल्ट्रोम्बोपॅग. वारंवार रक्त चढवल्याने शरीरात लोह उलट साठतं, त्यात टॉनिकची भर नकोच. आणि प्रत्यारोपणाची शक्यता असेल तर भावाबहिणींनी मायेपोटी रक्त द्यायला धावू नये: त्यामुळे पुढे त्यांचीच मज्जा नाकारली जाण्याचा धोका वाढतो.