कॉम्प्युटर तापतो, मग दोष मदरबोर्डचाच?

‘पीसी तापतोय ना, मदरबोर्ड बदलून टाका’ हा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो (मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य सर्किट बोर्ड). तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. उष्णता मुख्यतः प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डमधून निघते. ती बाहेर टाकायचं काम हीटसिंक (उष्णता शोषून घेणारा पात्यांचा धातूचा ठोकळा), पंखे आणि कॅबिनेटमधली हवा करते. म्हणून आधी प्रोसेसरवरचा कूलर, म्हणजे हीटसिंक आणि त्यावरचा पंखा, काढून बघा. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारी थर्मल पेस्ट सुकून खडूसारखी भुगा झाली असेल, हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा थर बसला असेल, तर नवा बोर्डही तसाच तापणार.

बोर्डाचा खरा संबंध एकाच ठिकाणी येतो: सॉकेटशेजारच्या (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा) व्हीआरएमशी, म्हणजे व्होल्टेज नियंत्रित करणाऱ्या भागाशी. प्रोसेसरला लागणारा १ ते १.४ व्होल्टच्या आसपासचा विजेचा दाब हाच भाग १२ व्होल्टमधून तयार करतो. हा भाग कमकुवत असेल तर जास्त वीज खेचणारा प्रोसेसर आपला वेग उतरवतो. त्यामुळे बोर्ड घ्यायचाच असेल, समजा बोर्डावरचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) फुगलेत म्हणून, तर व्हीआरएमवर धातूचा हीटसिंक असलेलाच घ्या. मात्र सॉकेट आधी जुळवा: एएम४ आणि एएम५ हे एएमडी कंपनीच्या सॉकेटचे दोन प्रकार, पण एएम४ चा प्रोसेसर एएम५ बोर्डात बसत नाही. रॅमचंही तसंच, डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत जात नाही.