घरगुती नखकला

हातापायांच्या नखांवर रंग, ठिपके, रेषा, ठसे आणि चमकी यांची नक्षी सलूनच्या मदतीवाचून स्वतःच काढणे आणि त्या निमित्ताने निरनिराळ्या प्रकारची नेलपॉलिश लावून पाहणे, या छंदाला घरगुती नखकला म्हणता येईल. रंगाच्या दोन बाटल्या, कापूस आणि रिमूव्हर एवढ्यावर तो सुरू होतो. वरवर पाहता ही चित्रकलेचीच एक शाखा वाटते. प्रत्यक्षात हाताच्या कौशल्यापेक्षा रंगाचा थर कसा वाळतो याच्या जाणिवेला येथे काकणभर अधिक महत्त्व आहे. घरी बिघडलेली बहुतेक नखे चित्र न जमल्यामुळे नव्हे, तर खालचा थर ओला असतानाच वरचा चढवल्यामुळे बिघडलेली असतात.

महाराष्ट्रात नखे रंगवण्याची जुनी रीत मेंदीची आहे. मेंदीच्या पानातील लॉसोन हे रंगद्रव्य नखातील केराटिन या प्रथिनाशी बांधले जाते. त्यामुळे तळहातावरची नक्षी दोन-तीन आठवड्यांत फिकी पडली, तरी नखावरचा नारिंगी-तपकिरी रंग नख वाढून कापले जाईपर्यंत उतरत नाही. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवे नख यायला साधारण सहा महिने लागतात. पायाच्या नखांना त्याहून बराच अधिक काळ लागतो. लग्नात मेंदीनंतर नखांवर वेगळा रंग लावायचा असेल, तर मेंदी लावण्यापूर्वी नखांवर पारदर्शक पॉलिशचा थर देऊन ठेवण्याची युक्ती अनेक जणी वापरतात, ती यामुळेच.

आजचे नेलपॉलिश मात्र कारखान्यातील रंगाच्या कुळातले आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत मोटारींसाठी नायट्रोसेल्युलोजचे लवकर वाळणारे रंग आले आणि तेच रसायन नखांसाठीही उपयोगी ठरले. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या रेव्हलॉन कंपनीने नख पूर्ण झाकणारी, रंगकणयुक्त पॉलिशे बाजारात आणून या प्रसाधनाला आजचे रूप दिले. भारतात टाटा ऑइल मिल्सने १९५२ मध्ये लॅक्मे सुरू केल्यानंतर देशी बनावटीची प्रसाधने शहरी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. टोकाशी पांढरी पट्टी असलेला, ‘फ्रेंच’ म्हणवला जाणारा प्रकार १९७० च्या दशकात प्रचारात आला, तो पॅरिसमधून नव्हे, तर अमेरिकेतून.

बाटलीतील द्रवाचा मोठा भाग एथिल ॲसिटेट आणि ब्युटिल ॲसिटेट या द्रावकांचा असतो. त्यांत नायट्रोसेल्युलोज विरघळवलेले असते आणि द्रावक उडून गेल्यावर नखावर जो पापुद्रा उरतो, तो मुख्यतः याच पदार्थाचा. एकटे नायट्रोसेल्युलोज ठिसूळ असल्यामुळे त्यात चिकटपणा व चकाकी देणारी राळ आणि लवचीकपणा आणणारी द्रव्ये मिसळतात. रंगकण तळाशी बसू नयेत म्हणून विशेष प्रक्रिया केलेली चिकणमातीही घालतात. या मातीमुळे स्थिर बाटलीतला रंग घट्ट राहतो आणि ढवळताच पातळ होतो. म्हणून वापरण्यापूर्वी बाटली जोरजोराने हलवण्याऐवजी दोन तळव्यांमध्ये फिरवणे बरे. हलवल्याने आत शिरलेले हवेचे बुडबुडे पुढे नखावर फोडांसारखे दिसतात. पूर्वी सर्रास वापरली जाणारी टोल्युइन, फॉर्माल्डिहाइड आणि डायब्युटिल थॅलेट ही द्रव्ये वगळलेल्या मालावर ‘३-फ्री’ असे छापले जाऊ लागले. त्यानंतर हा आकडा पाच, दहा असा चढत गेला आहे. पण प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने यादी ठरवत असल्यामुळे वेष्टनावरील घटकांची नावे वाचणे अधिक भरवशाचे.

थर वरून खाली वाळतो. जाड थराच्या पृष्ठभागावर आधी साय धरते आणि तिच्याखाली द्रावक अडकून पडतो. मग बोट लावल्यावर कोरडा वाटणारा रंग आत मऊच राहतो आणि रात्री लावलेल्या नखांवर सकाळी चादरीच्या विणीचा ठसा सापडतो. त्यावर उपाय एकच : दोन किंवा तीन पातळ थर आणि प्रत्येकामध्ये काही मिनिटांची उसंत. नखाच्या मोकळ्या कडेवरूनही कुंचला फिरवावा लागतो, नाहीतर टोकाकडून टवके उडतात. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर धरते आणि चकचकीत रंगावर दुधाळ झाक येते. लाकडावर लॅकर मारणाऱ्या कारागिरांना हा दोष चांगला परिचयाचा आहे. जोरदार पंख्याखाली बसल्याने तो वाढू शकतो. कोरडी खोली आणि अधिक पातळ थर यांनी तो कमी होतो. घट्ट झालेल्या बाटलीत ॲसिटोनचा रिमूव्हर ओतण्याची सवय सार्वत्रिक आहे आणि ती सोडण्याजोगी आहे, कारण त्याने द्रवातील मिश्रणाचा तोल बिघडतो. एथिल व ब्युटिल ॲसिटेटचे थिनर दोन-चार थेंब घालणे योग्य.

निरनिराळी पॉलिशे वापरून पाहण्यात बाटलीवर विसंबणे फसवे ठरते, कारण बाटलीत काही सेंटिमीटर जाडीचा रंग दिसतो आणि नखावर केसाहूनही पातळ पापुद्रा. त्यामुळे हौशी मंडळी प्लास्टिकच्या कृत्रिम नखांवर प्रत्येक रंगाचे एक, दोन आणि तीन थर देऊन नमुने जपून ठेवतात; नुसत्या जाड पांढऱ्या कागदावरही अंदाज येतो, मात्र कागद द्रावक शोषून घेत असल्याने चकाकी कळत नाही. ‘क्रीम’ प्रकार सपाट आणि अपारदर्शक असतो, ‘जेली’ काचेसारखा आरपार, ‘शिमर’मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिलेल्या अभ्रकाचे कण चमकतात, ‘मॅट’ प्रकारात सिलिकाच्या बारीक कणांमुळे प्रकाश विखुरतो. ‘कॅट आय’ रंगात लोहयुक्त कण असून ओल्या थरावर लोहचुंबक धरला की ते एका पट्ट्यात गोळा होतात, आणि घरी करून पाहण्याच्या प्रकारांत इतक्या थोड्या कष्टात इतका थक्क करणारा परिणाम दुसरा नसावा. कातडीच्या रंगाशी मिळत्याजुळत्या ‘न्यूड’ छटांची निवड सर्वांत अवघड. परदेशी गोऱ्या त्वचेसाठी बनवलेली फिकट गुलाबी छटा सावळ्या बोटांवर खडूसारखी दिसते. तेथे बदामी किंवा चॉकलेटी झाक असलेला रंग अधिक शोभतो.

नक्षीची सुरुवात ठिपक्यांपासून करणे सर्वांत सोपे. त्यासाठी विकतचे डॉटिंग टूल लागतेच असे नाही. केसांच्या पिनेचे गोल टोक, संपलेली रिफिल किंवा टूथपिक चालते. ओल्या ठिपक्यातून टाचणी ओढली की पाकळी होते आणि शेजारच्या दोन ठिपक्यांतून खाली ओढली की बदाम. ठिपक्यांची रांगोळी काढण्याची सवय असलेल्या हाताला अंतराचा अंदाज येथे आयताच उपयोगी पडतो. सरळ रेषांसाठी चिकटपट्टी लावायची, पण खालचा रंग पूर्ण वाळल्यावर, आणि वरचा रंग ओला असतानाच ती काढायची. हा क्रम उलटला की दोन्ही थर पट्टीबरोबर निघतात. एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणारी छटा स्पंजच्या तुकड्याने थोपटून साधते. फिकट, वाळलेल्या रंगावर स्पिरिट लावून वर्तमानपत्राचा कपटा दाबून धरला, तर छपाईची शाई नखावर उतरते. अक्षरे अर्थातच उलटी येतात, परंतु देवनागरीत शिरोरेषा वरच राहत असल्यामुळे ते पहिल्या नजरेत जाणवत नाही.

पाण्यावरचे मार्बलिंग मात्र संयमाची परीक्षा घेते. खोलीच्या तापमानाच्या पाण्यात रंगाचा थेंब सोडला की तो तवंगासारखा पसरतो. एकात एक थेंब टाकून टूथपिकने रेघा ओढतात आणि बोट त्यात बुडवून, पाण्यावर उरलेला पापुद्रा गोळा करून मगच बाहेर काढतात. पाणी गार असेल किंवा बाटली जुनी असेल तर थेंब पसरण्याऐवजी बुडतो. बोटाभोवतीची त्वचा आधी झाकली नाही, तर ती पुसण्यातच अधिक वेळ जातो. त्यासाठी लेटेक्सचा सोलून निघणारा द्रव मिळतो, आणि तो नसल्यास फेविकॉलसारखा पांढरा गोंद वापरतात. हाच गोंद चमकीच्या पॉलिशखाली पहिला थर म्हणूनही लावतात, कारण चमकी रिमूव्हरने काढणे अतिशय कटकटीचे असते. ठसा-पद्धतीत कोरलेल्या पोलादी पट्टीवरचा जादा रंग खरवडून खाचांत उरलेला रंग सिलिकॉनच्या ठशाने उचलतात आणि नखावर उतरवतात. रंग दाट हवा आणि हात चपळ.

जेल पॉलिशचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा, कारण ते वाळत नाही; दिव्याच्या अतिनील किंवा जवळच्या जांभळ्या प्रकाशात त्यातील ॲक्रिलेट रेणू साखळ्यांनी जोडले जाऊन कडक होतात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत सलून बंद पडल्यावर घरगुती संचांकडे अनेकांचे लक्ष वळले. हे संच साध्या पॉलिशइतके निरुपद्रवी समजणे चूक आहे. दिवा आणि जेल एकमेकांशी जुळणारे नसले, तर थर वरून कडक आणि आतून अर्धकच्चा राहतो, आणि असे न जोडलेले ॲक्रिलेट, विशेषतः एचईएमए (हायड्रॉक्सिएथिल मेथॅक्रिलेट), वारंवार त्वचेला लागल्यास ॲलर्जी जडू शकते. तिची लक्षणे बोटांपुरती राहत नाहीत. पापण्या आणि मानेवरही खाज व पुरळ उठते. एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा जात नाही आणि दातांच्या उपचारांतील व हाडांच्या शस्त्रक्रियेतील सिमेंटमध्येही याच गटातील द्रव्ये असल्याने पुढे अडचण होऊ शकते. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याबाबत इशारा दिला होता. जेलमधील टीपीओ या प्रकाशसंवेदी द्रव्यावर युरोपीय संघाने सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली आहे. नवख्या व्यक्तीने साध्या पॉलिशवर हात बसवावा आणि जेलची घाई करू नये.

पॉलिश काढण्याच्या कामात ॲसिटोन जलद आहे, पण नख आणि त्वचा कोरडी करतो. नंतर खोबरेल तेल चोळणे पुरते. लाल आणि गडद रंग थेट नखावर लावल्यास पिवळट डाग राहतो, म्हणून आधी बेस कोट द्यावा. आठवडेच्या आठवडे रंग ठेवून काढल्यावर दिसणारे पांढरे खरबरीत चट्टे बहुधा बुरशीचे नसून नखाच्या वरच्या थराचे असतात आणि काही काळ रंग न लावल्यास नखाच्या वाढीबरोबर जातात. नखाच्या मुळाशी असलेली क्युटिकल जंतूंना आत शिरू देत नाही, त्यामुळे ती कापण्याऐवजी मागे सारावी. महाराष्ट्रीय जेवणाचा त्रास वेगळाच : हाताने जेवताना आणि स्वयंपाक करताना हळदीतील कर्क्युमिन पांढऱ्या व फिकट रंगांना पिवळे करते, आणि टॉप कोटनेही ते पूर्ण टळत नाही. फ्रेंच पद्धतीची नखे रंगवायची तर डाव्या हाताची अधिक दिवस पांढरी राहतील, हे धरूनच चालावे.

मुस्लिम स्त्रियांमध्ये वजूचे, म्हणजे नमाजापूर्वी हात-तोंड-पाय धुण्याचे, पाणी नखापर्यंत पोहोचावे या अपेक्षेमुळे नमाज अदा न करण्याच्या दिवसांतच पॉलिश लावण्याची प्रथा अनेक घरांत आहे. पाणी झिरपू देण्याचा दावा करणारी पॉलिशे याच गरजेतून विकली जातात. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णालयात नखे रंगविरहित ठेवायला सांगतात, कारण बोटाला लावलेला ऑक्सिमीटर नखातून आरपार जाणाऱ्या प्रकाशावर चालतो आणि काळा, निळा किंवा हिरवा यांसारखा गडद रंग त्याच्या वाचनात अडथळा आणू शकतो.