व्हायोलिनच्या बोचा बाक कोरून काढत नाहीत

बोची, म्हणजे व्हायोलिन वाजवायच्या गजाची, काडी मुळातच वाकडी कापून तासतात, हा व्हायोलिन शिकणाऱ्यांमधला एक समज. पटण्यासारखा, पण चुकीचा. तसं कापलं तर लाकडाच्या रेषा मध्येच तुटतात आणि काडी, विशेषतः टोकाजवळ, मोडते. ब्राझीलच्या पर्नांबुको लाकडाची पट्टी रेषेबरोबर सरळच कापतात. मग कोरड्या आचेवर दोन-तीन इंचांचा भाग गाभ्यापर्यंत तापवायचा, वाकवायचा, निवेपर्यंत धरायचा, पुढे सरकायचं. घाई केली की वरून करपतं, गाभा मात्र थंडच. असा बाक हळूहळू येतो.

उष्णतेने आलेला बाक उष्णतेने जातोही. मे महिन्यात बंद गाडीत बो ठेवणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. पावसाळ्यात बोला ताणून बसवलेले घोड्याचे केस लांबतात, म्हणून ते ताणणारा स्क्रू जास्त आवळला जातो. वाजवून झाल्यावर तो सैल कराच.