मे महिन्यात कडकडीत वाळलेलं जुलैत बुरसटतं काहून?

आमच्या भंडारा-गोंदियाकडे मे महिना लागला की बाज आंगणात निघते, पण झोपायला नाही, वाळवणाला. एका बाजेवर वांग्याच्या खुला (म्हंजे वाळवायच्या चकत्या), दुसरीवर मुगवड्या, टिनावर मोहफुलं, आणि मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव, म्हंजे जुना गावतलाव) आटत आला असेल तर कोपऱ्यात झिंगे, ज्यांच्या वासानं गल्लीतल्या सगळ्या मांजरी तिथंच मुक्कामाला. आजी खुलाची एक चकती कानाजवळ धरून मोडायची, कट्ट वाजली तरच डब्यात. एवढी परीक्षा पास झालेली ती खुला जुलैत काढली तर मऊ, वरून पांढरी बुरशी. आजीचा पहिला संशय माझ्यावर, "काहून रे, डबा उघडा ठेवला काय तू?" मी म्हणायचो, घरात पाऊस कुठं आला, डबा तर फळीवर होता. आजीचंच बरोबर होतं, पण का बरोबर होतं हे मला लय उशिरा कळलं.

आपण समजतो की वाळवणं म्हंजे पाणी काढून टाकणं, जितकं पाणी कमी तितकं टिकणार. हे अर्धंच खरं आहे. जंगलातून आणलेला मध घ्या, त्यात 17-20 टक्के पाणी असते आणि तो वर्षानुवर्षं टिकतो, आणि भुईमुगाच्या दाण्यात नुसतं 10 टक्के पाणी राहिलं तरी बुरशी धरते. दुप्पट पाणीवाला टिकून राहिला आणि कोरडा वाटणारा सडला, असं कसं? तर मधातलं पाणी साखरेनं धरून ठेवलेलं असते, जंतूंच्या हाती लागत नाही. दाणा तेलकट, तेल काही पाणी धरत नाही, त्यामुळे आहे तेवढं पाणी मोकळंच. म्हणून मोजायचं ते एकूण पाणी नाही, मोकळं पाणी. 1950च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या विल्यम स्कॉट यांनी हे नीट मांडलं आणि तेव्हापासून अन्नशास्त्रात याचा आकडा 0 ते 1 असा मोजतात, इंग्रजीत वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात, आपण मोकळं पाणीच म्हणू. साध्या पाण्याचा आकडा 1. अन्न सडवणारे बहुतेक बॅक्टेरिया 0.91 च्या खाली वाढत नाहीत, स्टॅफिलोकोकस नावाचा एक चिवट आहे तो 0.86 पर्यंत तग धरते, बऱ्याच बुरशा 0.8 च्या आसपास थांबतात, पण काही थोड्या बुरशा आणि यीस्ट (साखर आंबवणारे बारीक जीव) त्याहून खालीही हळूहळू वाढत राहतात. 0.6 च्या खाली मात्र कोणाचंच काही चालत नाही.

आता खरी गंमत. अन्न हवेत पुरेसा वेळ ठेवलं तर त्याचा हा आकडा हवेच्या आर्द्रतेला जाऊन भिडते. हवेत आर्द्रता 20 टक्के असेल तर अन्न 0.2 कडे सरकणार, 85 टक्के असेल तर 0.85 कडे. मे महिन्यात चंद्रपूर-भंडाऱ्याकडे पारा 45-46 ला जाते आणि दुपारची आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास किंवा खालीच, म्हंजे आपलं आंगण हेच फुकटचं ड्रायर. कोकणात समुद्राची दमट हवा आहे, तिथं बऱ्याच मासळीला मिठाची साथ घ्यावी लागते, आपल्याकडे बारीक मालाचं नुसत्या उन्हात काम होऊन जाते (या उन्हाचा एवढा एकच फायदा आहे, बाकी जीव जाते). पण हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालते. जुलैत आर्द्रता 80 च्या वर गेली की तीच कडक खुला हवेतून पाणी परत ओढून घेते. पाऊस डब्यात यायची गरजच नाही, हवाच पुरते. रोज भाजीसाठी झाकण उघडलं की थोडी हवा आत, आणि पंधरा दिवसांत आजीचा कट्ट आवाज गायब.

मोहफुलात हे सगळ्यात सोपं दिसते. मोहाचं फूल रात्री उमलते, वटवाघळं त्यावर येतात आणि त्यांच्याकरवी परागीभवन होते, मग पहाटेपासून पाकळ्यांचा तो गोड रसरशीत दोडा खाली पडते. फळ धरणारा भाग झाडावरच राहते, म्हणून फुलं वेचली तरी पुढं टोळ (मोहाचं फळ) लागतेच, एकाच झाडाचं दोनदा पीक. (झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करायची सवय मात्र सोडायला पाहिजे, जंगलातले कित्येक वणवे तिथूनच सुरू होतात, जुनं लुगडं किंवा जाळी अंथरली तरी काम होते.) ताज्या फुलात वजनाचा पाऊण हिस्सा पाणी असते, वाळल्यावर उरते ती बहुतेक साखरच. वाळायला उशीर झाला तर यीस्ट त्या साखरेवर तुटून पडते. एका वर्षी एप्रिलात अवकाळी आला, मी घाईघाईत अर्धवट वाळलेला मोह प्लास्टिकच्या पोत्यात कोंबला, तोंड बांधलं आणि विसरलो. दोन दिवसांनी पोतं उघडलं तर घरभर असा वास की शेजारचे आबाजी दारात येऊन विचारतात, "भट्टी कधी लावली बापा?" मोह चांगला वाळला तरी पावसाळ्यात चिकट होते, कारण त्यातल्या साखरेला हवेतलं पाणी ओढायची भारी हौस. म्हणून आमच्याकडे श्रावणात ऊन पडलं की मोह पुन्हा सुपात घालून बाहेर.

शिकारीचं म्हणाल तर जुने लोक रानडुकराच्या मांसाच्या पट्ट्या चुलीवर टांगल्याच्या गोष्टी सांगतात, पण 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ते बंद झालं आणि गावाच्या सीमेवर वाघ फिरतात तिथं ते बंद झालेलंच बरं. आता शिकार म्हणायला तलावातले मासे. युक्ती तीच आहे. झिंगा बारीक म्हणून एक-दोन दिवसांत आतपर्यंत वाळते, पण मोठा मरळ अख्खा उन्हात टाकला तर वरची कातडी कडक होऊन बसते आणि आतलं पाणी आतच अडकते, वरून दगड, आतून सडका. म्हणून चिरून, पातळ करून, मीठ चोळून. मीठ पाणी बाहेर ओढते आणि उरलेलं धरून ठेवते. चुलीवर टांगायचं ते उगाच नाही, धुरात फिनॉलसारखी जंतूंना मारणारी द्रव्यं असतात आणि माशाही अंडी घालायला येत नाहीत.

पावसाळ्यातले वास्ते, म्हंजे बांबूचे कोंब, यांचा हिशोब वेगळा. त्यात टॅक्सिफायलिन नावाचं द्रव्य असते, कापल्यावर त्यातून सायनाइड सुटते. घाबरू नका, बारीक चिरून, भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता उकळायचे आणि ते पाणी फेकायचं, विष वाफेबरोबर आणि पाण्याबरोबर जाते. आयाबाया हेच करत आल्यात. माझी काळजी दुसरीच आहे. हल्ली रील पाहून पोट्टे वास्ते नाहीतर सात्या (पावसाळ्यातल्या रानअळंब्या) उकळून काचेच्या बरणीत हवाबंद करून ठेवायला लागले. हे अजिबात करू नका. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू मातीत असतात, साध्या उकळण्यानं मरत नाहीत, त्यांना प्रेशरखालचे 121 अंश लागतात, आणि हवा नसलेली, आंबट नसलेली, ओली बरणी म्हंजे त्यांचं माहेर. विष तयार झालं तरी वास किंवा चव बदलेलच असं नाही. लोणच्यात हे होत नाही कारण आंबटपणा, पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या खाली गेला की तो जंतू वाढत नाही, वरून मीठ. म्हणून वास्ते एकतर वाळवा, नाहीतर चांगलं आंबट लोणचं घाला.

डब्यातला माल खरंच वाळला का हे पाहायला मशीन येते पण महाग, त्यापेक्षा मीठ घ्या. शुद्ध मीठ 75 टक्के आर्द्रतेच्या वर पाणी धरू लागते, म्हणूनच पावसाळ्यात मिठाच्या डब्याला पाणी सुटते. काचेच्या कोरड्या बरणीत वाळवण भरा, एका बुचणात चमचाभर बारीक मीठ घालून वर ठेवा, झाकण घट्ट लावून दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. मीठ ओलं झालं किंवा त्याचे गोळे झाले तर माल 0.75 च्या वर आहे, पुन्हा उन्हात टाका. मोकळं राहिलं तर निदान धोक्याच्या वरच्या टप्प्यात नाही, पण 0.6 झालं याची खात्री मीठ देत नाही, तिथं आजीचा कट्ट आवाजच कामाचा. खडे मीठ यासाठी घेऊ नका, त्यात मॅग्नेशियम असते आणि ते लवकरच ओलं होते. या वर्षी मी तीन बरण्यांना हे करून पाहिलं, खुला आणि झिंगे पास झाले, मुगवड्यांच्या बरणीत मिठाचा गोळा झाला, त्या आता बाजेवर पडल्या आहेत आणि मांजरी पुन्हा हजर.